गुडघ्याचा बंध आणि गोल्फचा खेळ

वेरूळचीं लेणीं पाहून परतणाऱ्या मंडळींच्या चालीकडे थोडें बारकाईनें पाहिलें, तर एक गोष्ट सहज ध्यानांत येते. तीन ताल लेण्याचे दगडी जिने चढतांना ज्यांना फारसे श्रम वाटत नाहींत, त्यांतलेच कितीएक लोक उतरतांना भिंतीचा आधार शोधूं लागतात, अंग तिरकें करून एकेक पाऊल खालीं टाकतात, आणि सपाट जमीन लागली म्हणजे मांडी चोळीत उभे राहतात. चढण्याचे श्रम छातीस कळतात, उतरण्याचे गुडघ्यास. सपाटीवर चालतांना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारें अडीचपट दाब येतो. जिना उतरतांना तो तिपटीच्या वर जातो. शिवाय उतरतांना मांडीच्या पुढच्या स्नायूस दुहेरी काम पडतें. तो एकीकडे लांबत असतो आणि त्याच वेळीं सारें शरीर तोलून धरीत असतो. उतारावरच्या गाडीला ब्रेक जें करतो, तेंच काम हा स्नायू गुडघ्यासाठीं करतो.

छत्रपती संभाजीनगराहून सुमारें 30 किलोमीटरवर असलेल्या ह्या डोंगरांत 34 लेणीं दोन किलोमीटरांहून अधिक लांबीच्या कड्यांत कोरलेलीं आहेत. तीं सारीं पायीं पाहणें ही पायांची बरीच मोठी परीक्षा होय. गोल्फच्या 18 होलांच्या एका फेरींतही सहा ते दहा किलोमीटर चालणें होतें, तें चढउतारांवर होतें, आणि त्याशिवाय वाटेंत कितीतरी वेळां अंगास जोराचा पीळ द्यावा लागतो. गुडघ्याच्या बंधाची शस्त्रक्रिया झालेला गृहस्थ पुन्हां ह्या खेळाकडे वळूं पाहतो, तेव्हां त्याला पडणारा प्रश्न केवळ हौसेचा नसतो. घाईनें परतला तर नवा बंध तुटण्याचें भय, आणि भीतीनें परतलाच नाहीं तर बसून बसून मांडी वाळण्याचें भय, असा हा पेंच आहे.

प्रथम हा बंध म्हणजे काय तें पाहूं. मांडीचें हाड आणि पोटरीचें हाड हीं एकमेकांवर नुसतीं टेकलेलीं असतात. दाराची बिजागरी जशी लोखंडी खिळ्यानें अडकलेली असते, तसें येथें कांहीं नाहीं. हीं हाडें जागेवर राहतात तीं चार बळकट दोऱ्यांमुळें. ह्या दोऱ्यांना अस्थिबंध किंवा डॉक्टरी भाषेंत लिगामेंट म्हणतात. दोन बंध गुडघ्याच्या आंतल्या व बाहेरल्या अंगास असतात, आणि दोन सांध्याच्या पोटांत फुलीसारखे एकमेकांस ओलांडून जातात. त्यांतला पुढचा बंध, ज्याला डॉक्टर थोडक्यांत ए. सी. एल. म्हणतात, तो अवघा तीन-साडेतीन सेंटिमीटर लांबीचा आणि करंगळीहून बारीक असतो. पोटरीचें हाड पुढें सरकूं न देणें आणि गुडघ्याला प्रमाणाबाहेर पीळ पडूं न देणें हीं दोन कामें त्याच्याकडे आहेत. दोन हाडांच्या मध्यें कूर्चेच्या दोन अर्धचंद्राकृति चकत्या असतात. त्या धक्का सोसतात. बंध तुटतो तेव्हां पुष्कळदां ह्या चकत्याही फाटतात, आणि पुढच्या सुधारणेचा वेग ह्या चकत्यांवर बराचसा अवलंबून राहतो.

हा बंध तुटतो तो बहुधा कोणी लाथ मारली म्हणून नव्हे. कबड्डींत चढाई करणारा गडी पाय रोवून एकाएकीं दिशा बदलतो, फुटबॉलचा खेळाडू उडी मारून एका पायावर उतरतो, किंवा पावसाळ्यांत ओल्या गवतावर पाऊल अडकून राहतें आणि धड मात्र वळतें, अशा वेळीं तो तुटतो. पुष्कळांना आंत कांहींतरी तुटल्याचा आवाज ऐकूं येतो आणि कांहीं तासांतच गुडघा टम्म फुगतो. आपल्या घरांतून मग मिठाचा शेक, हळदीचा लेप आणि ‘मुरगळला असेल’ हा निकाल ठरलेला असतो. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, मनुष्य चालूं लागतो, आणि दुखणें गेलें असें सर्वांस वाटतें. खरी गोष्ट पुढें कळते. रस्ता ओलांडतांना झटकन् वळावें तों गुडघा दगा देतो, जणूं खालची जमीनच सरकली. दर अशा दग्यासरशीं कूर्चेच्या चकत्या थोड्या थोड्या चिरडल्या जातात, आणि हेंच दुर्लक्षाचें मोठें नुकसान होय.

तुटलेला हा बंध बाहेरच्या बंधांप्रमाणें सहसा आपोआप नीट सांधत नाहीं. त्याचें कारण मौजेचें आहे. शरीरांत कोठेंही जखम झाली म्हणजे रक्ताची गुठळी बनते आणि तिच्याच आधारावर नवी बांधणी होते. पण हा बंध सांध्यांतल्या वंगणासारख्या द्रवांत बुडालेला असतो. तेथें गुठळी टिकत नाहीं. इंग्लंडांतील लीड्स येथें मेयो रॉब्सन ह्या शस्त्रवैद्यानें 1895 सालीं असे तुटलेले बंध टाक्यांनीं शिवले होते. पुढें 1917 सालीं हे ग्रोव्ह्ज ह्यानें शिवण्याऐवजीं मांडीच्या बाहेरच्या अंगाच्या चिवट पडद्याची पट्टी घेऊन नवाच बंध घातला. आजची शस्त्रक्रिया ह्याच दुसऱ्या कल्पनेवर उभी आहे. मांडीच्या मागच्या बाजूच्या शिरा, गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा, किंवा वाटीवरच्या स्नायूचा कंडरा ह्यांपैकीं एकाचा तुकडा घेऊन, दोन्ही हाडांत बोगदे पाडून तो त्यांत ओवतात आणि स्क्रूनें किंवा लहानशा धातूच्या बटणानें पक्का करतात. गुडघा सबंध उघडावा लागत नाहीं. दोन-तीन छिद्रांतून दुर्बीण व हत्यारें आंत जातात. गुडघ्यांत दुर्बीण घालून पाहण्याचा सुरुवातीचा एक प्रयत्न टोकियोच्या केन्जी ताकागी ह्यांनीं 1918 सालीं प्रेतावर केला होता.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें जरूर आहे, कारण आपल्याकडे बंध तुटला म्हणजे शस्त्रक्रिया झालीच पाहिजे असा समज पसरत चालला आहे. स्वीडनमधील 121 तरुण व धडधाकट रोग्यांचा एक अभ्यास 2010 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील एका गटावर लगेच शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या 59 जणांना प्रथम व्यायाम देऊन, गरज पडली तरच पुढें शस्त्रक्रिया करावयाची असें ठरविलें. दोन वर्षांच्या अखेरीस ह्या 59 पैकीं 36 जणांना शस्त्रक्रिया लागलीच नव्हती, आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांची स्थिति सारखीच आढळली. कबड्डीच्या गड्यास जें आवश्यक असेल, तें पन्नाशीच्या गोल्फ खेळणाऱ्यास असेलच असें नाहीं. गुडघा दगा देत नसेल तर थांबून पाहण्यास हरकत नसते. वारंवार देत असेल तर थांबणें महागांत पडतें. हा निर्णय डॉक्टरांनीं रोग्याचें वय, त्याचा उद्योग आणि चकत्यांची अवस्था पाहून घ्यावयाचा असतो.

आतां खेळाकडे वळूं. गोल्फ हा साहेबांचा, निवांत फिरण्याचा खेळ अशी आपल्याकडे त्याची ख्याति आहे. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब 1829 सालीं कलकत्त्यास निघाला, आणि मुंबईस 1842 सालीं. महाराष्ट्रांत तो छावण्यांच्या आणि थंड हवेच्या गांवांच्या आश्रयानें पसरला. नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानास लोक अजून गोल्फ क्लब मैदान म्हणतात. तेथें क्रिकेटचे सामने होतात आणि नांवामागचा खेळ कोणाच्या ध्यानींही नसतो. ज्या खेळांत धांवाधांव नाहीं, त्यांत गुडघ्याला काय होणार, असें बाहेरून पाहणाऱ्यास वाटलें तर नवल नाहीं.

परंतु चेंडूवर पूर्ण जोरानें काठी मारतांना काय घडतें तें पाहावें. उजव्या हातानें खेळणारा मनुष्य काठी मागें नेतो तेव्हां त्याचा भार उजव्या पायावर असतो. खालीं येतांना कंबर प्रथम डावीकडे वळते, भार डाव्या पायावर जातो, आणि काठी चेंडूस लागते त्या सुमारास डावा गुडघा जवळजवळ सरळ होऊन सारें अंग त्याच्याभोंवतीं फिरतें. पाऊल मात्र जमिनीस खिळलेलें असतें. बुटाखालचे खिळे तें अधिकच खिळवून ठेवतात. मांडीचें हाड वळूं पाहतें, पोटरीचें हाड वळूं शकत नाहीं, आणि ह्या दोहोंच्या भांडणांत पीळ पडतो तो बंधावर. ज्यांच्या गुडघ्यांत मोजमापाचें यंत्र असलेला कृत्रिम सांधा बसविला होता, अशा रोग्यांवर प्रत्यक्ष मोजून पाहिलें असतां ह्या फटक्याच्या वेळीं पुढच्या गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या चौपटीहून अधिक आणि मागच्यावर सुमारें तिप्पट दाब पडल्याचें आढळलें. म्हणजे तीन तालाचा जिना उतरण्याहूनही हें काम जड आहे. उजव्या हातानें खेळणाऱ्याचा डावा गुडघा दुखावलेला असला तर परतण्यास अधिक वेळ लागतो, आणि उजवा असला तर थोडा कमी, ह्याचें कारण हेंच.

तरीही गोल्फच्या बाजूनें एक मोठी गोष्ट आहे. कबड्डींत किंवा फुटबॉलमध्यें पीळ केव्हां पडेल हें प्रतिस्पर्धी ठरवितो. गोल्फमध्यें तें खेळणारा स्वतः ठरवितो. चेंडू जागेवर स्थिर असतो, कोणी अंगावर येत नाहीं, आणि फटका किती जोराचा मारावयाचा हें आधीं ठरवितां येतें. म्हणून बंधाच्या शस्त्रक्रियेनंतर जे खेळ पुन्हां खेळतां येतात, त्यांत गोल्फची जागा बरीच वरची आहे. पायरीपायरीनें परतण्याची अशी सोय दुसऱ्या फारच थोड्या खेळांत सांपडेल.

शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत सर्वांत फसवा काळ कोणता, हें रोग्यांना क्वचितच ठाऊक असतें. ओवलेला तुकडा पहिल्या दिवशीं बराच मजबूत असतो, कारण तो शरीरांतलाच तयार पट्टा असतो. पण त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. पुढच्या आठवड्यांत त्यांतल्या जुन्या पेशी मरतात, नव्या शिरतात, रक्तवाहिन्या हळूहळू वाढतात, आणि ह्या उलथापालथींत तो तुकडा पूर्वीपेक्षां कमजोर होतो. साधारणपणें सहाव्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान त्याचें बळ सर्वांत कमी असतें. नेमका हाच काळ असा कीं सूज उतरलेली असते, कुबड्या सुटलेल्या असतात, दुखणें थांबलेलें असतें, आणि मनुष्यास आपण बरे झालों असें वाटूं लागतें. घराच्या डागडुजींत जुनी तुळई काढली आहे आणि नवी अजून पुरती ठोकलेली नाहीं, तरी बाहेरून भिंत रंगवून झाली आहे, अशी ती स्थिति असते. त्या तुकड्याचें खऱ्या बंधासारखें रूप होण्यास एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

पहिल्या दोन आठवड्यांत गुडघा पुरता सरळ करतां येणें हें एकच ध्येय पुरेसें आहे. वाकविण्याची घाई पुष्कळांना असते, पण गुडघा सरळ होण्यांत थोडीशी कसर राहिली तरी मनुष्य जन्मभर लंगडतो. त्यानंतर मांडीचा पुढचा स्नायू जागा करावयाचा. शस्त्रक्रियेनंतर हा स्नायू इतक्या झपाट्यानें रोडावतो कीं पंधरा दिवसांत दोन मांड्यांतला फरक डोळ्यांस दिसतो. खुर्चीवर बसून पायाला वजन बांधून गुडघा सरळ करण्याचा व्यायाम ह्या काळांत नव्या बंधास ताण देतो. तो तज्ज्ञाला विचारल्यावांचून करूं नये. भिंतीला टेकून थोडेसें खालीं बसणें, ठोकळ्यावर चढउतर करणें, स्थिर सायकल चालविणें हे प्रकार अधिक बरे.

आपल्या घरांतली एक अडचण विलायती पुस्तकांत सांपडत नाहीं. आपण पंगतीस मांडी घालून बसतों, देवापुढें बसतों, कित्येक घरीं शौचासही उकिडवें बसावें लागतें. गुडघा पुरता मिटून त्यावर भार देणें हें नव्या बंधाला आणि विशेषतः शिवलेल्या चकतीला सोसणारें नसतें. म्हणून कांहीं महिने पाट बाजूस ठेवून खुर्ची घ्यावी. उकिडवें बसण्यास तर डॉक्टरांची स्पष्ट परवानगी हवी. घरांतल्या वडील मंडळींस ह्याचा संकोच वाटतो, आणि आलेल्या पाहुण्यांस खुर्चीवरून नमस्कार करणें रोग्याच्याही जिवावर येतें. पण त्या संकोचापायीं गुडघा दुखावून घेणें शहाणपणाचें नव्हे.

गोल्फच्या काठीस हात केव्हां लावावा ह्याविषयीं शस्त्रवैद्यांचीं मतें थोडीं वेगळीं असतात. साधारण शिरस्ता असा आहे: दोन-तीन महिन्यांनंतर ग्रीनवर उभें राहून चेंडू हलकेच ढकलणें, म्हणजे पटिंग, तीन-चार महिन्यांनंतर अर्ध्या हातानें लहान फटके, पांच-सहा महिन्यांनंतर मधल्या लांबीच्या आयर्न काठ्या, आणि सर्वांत लांब काठी, ड्रायव्हर, सर्वांच्या शेवटीं, सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान. पण नुसत्या तारखांवर विसंबणें चुकीचें आहे. दुखावलेल्या पायाचें बळ दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के झालें आहे काय, एका पायावर उभें राहून हळू खालीं बसतांना गुडघा आंत तर झुकत नाहीं ना, आणि श्रमानंतर दुसऱ्या दिवशीं सकाळीं सूज येते कीं काय, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें दिनदर्शिकेपेक्षां अधिक खरीं असतात. पीळ पडणाऱ्या खेळांच्या खेळाडूंवर नॉर्वेंत झालेल्या आणि 2016 सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, नऊ महिन्यांपर्यंत परतणें जितके महिने लांबविलें तितका प्रत्येक महिन्यागणिक पुन्हां इजा होण्याचा धोका जवळजवळ निम्म्यानें कमी झालेला दिसला. गोल्फ हा त्या खेळांइतका कठोर नाहीं. पण उतावळ्या मनास हा आंकडा माहीत असलेला बरा.

वेरूळच्या वाटा ह्या मधल्या काळांत फार उपयोगी पडण्यासारख्या आहेत. लेण्यांसमोरचा सपाट रस्ता प्रथम, मग कैलासाचें अंगण, मग दुमजली लेण्यांचे जिने, आणि अगदीं शेवटीं कैलासाच्या माथ्याकडे जाणारी चढण, असा क्रम ठेवला तर महिन्यामहिन्यानें काय साधलें तें आपोआप मोजलें जातें. शेकडों वर्षांच्या पावलांनीं झिजलेल्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळें तोल सांभाळण्याचें जें शिक्षण येथें मिळतें, तें व्यायामशाळेच्या गुळगुळीत फरशीवर मिळत नाहीं. मात्र पावसाळ्यांत काळा बसाल्ट ओला झाला म्हणजे निसरडा होतो. त्या दिवसांत नव्या गुडघ्यानें पायऱ्यांच्या वाटेस जाऊं नये. एकविसाव्या लेण्यांत नृत्य करणाऱ्या शिवाची मूर्ति आहे. तिचे वाकलेले गुडघे पाहतांना, भार कोठें आणि वळण कोठें हें त्या शिल्पकारास किती नेमकें कळलें होतें, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

ह्या दुखण्याचा जगांतला सर्वांत प्रसिद्ध रोगी अमेरिकेचा टायगर वुड्स होय. 2007 सालीं धांवतांना त्याच्या डाव्या गुडघ्याचा पुढचा बंध तुटला. त्यानें शस्त्रक्रिया टाळली आणि खेळत राहिला. जून 2008 मध्यें सॅन डिएगोजवळच्या टॉरी पाइन्स मैदानावर अमेरिकन ओपनची स्पर्धा त्यानें 91 होल खेळून जिंकली. चार दिवसांत बरोबरी झाल्यामुळें पांचव्या दिवशीं रॉको मीडिएटशीं पुन्हां 18 होल खेळावे लागले, तेव्हांही बरोबरी सुटेना, आणि 91 व्या होलावर निकाल लागला. बंध तुटलेला होताच, शिवाय पोटरीच्या हाडासही बारीक तडे गेलेले होते. फटका मारल्यावर त्याचा चेहरा वेदनेनें आक्रसतो आहे हें साऱ्या जगानें पाहिलें. वर्तमानपत्रांनीं ह्याचें मोठें कौतुक केलें. पण तुटलेल्या बंधावर खेळणें हें अनुकरणीय नव्हे, हें त्या कौतुकांत कोणी फारसें सांगितलें नाहीं.

त्याच महिन्याच्या 24 तारखेस त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. जगांतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, दिमतीस उत्तमोत्तम तज्ज्ञ, आणि तरीही तो स्पर्धेंत परतला तो 2009 च्या फेब्रुवारीच्या अखेरीस, म्हणजे आठ महिन्यांनीं. ॲरिझोनांतील त्या स्पर्धेंत तो दुसऱ्याच फेरींत हरला. महिन्याभरानें, 29 मार्च रोजीं, फ्लोरिडांतील बे हिल येथें शेवटच्या होलावर चेंडू घालून तो एका फटक्यानें जिंकला. पूर्वी चेंडू मारतांना डावा गुडघा झटक्यानें सरळ करण्याची त्याची संवय होती. तीच त्या गुडघ्यास भोंवली असें मानलें जातें, आणि शस्त्रक्रियेच्या सुमारास त्यानें ती बदलण्याचा यत्न केला. तरीही 2011 सालीं त्याच गुडघ्याच्या आंतल्या अंगाच्या बंधास इजा झालीच.

सामान्य खेळणाऱ्यानें ह्यांतून उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याचें धाडस नव्हे, त्याचे आठ महिने होत. फटक्याच्या वेळीं पुढचें पाऊल चेंडूकडे सरळ न ठेवतां बोटें वीस-तीस अंश लक्ष्याच्या दिशेस वळवून ठेवलीं, तर अंगास वळण्यास वाव मिळतो आणि गुडघ्याचा पीळ कमी होतो. धातूच्या लांब खिळ्यांचे बूट टाकून मऊ, आंखूड दांत्यांचे बूट घ्यावे, म्हणजे पाऊल जरासें सरकूं शकतें. काठीचा वेग कमी ठेवावा. चेंडू थोडा अलीकडे पडला तर कांहीं बिघडत नाहीं. मैदानावर गाडी मिळत असेल तर पहिले कांहीं आठवडे ती घेण्यांत कमीपणा मानूं नये. ओल्या उतारावरचा, वाळूच्या खड्ड्यांतला किंवा एक पाय उंचावर ठेवून मारावयाचा चेंडू सोबत्यास सांगून हातानें उचलून सपाटीवर ठेवावा; मैत्रीच्या खेळांत असा सोबती नियमांचें पुस्तक काढीत नाहीं.

मनाची भीति ही शेवटची अडचण. गुडघा बरा झाल्यावरही कित्येकांचा हात पुढच्या पायावर भार देण्याच्या क्षणीं आंखडतो, आणि मग सारा पीळ कमरेंत जाऊन दुसरेंच दुखणें उभें राहतें. ह्यावर उपाय म्हणजे चेंडूवांचून, काठीवांचून, दोन्ही हात छातीशीं घेऊन घरांतल्या आरशासमोर तें वळण रोज वीस-पंचवीस वेळां सावकाश घेणें. पहिली फेरी नऊ होलांची करावी, आणि तीही सहाव्या होलाशीं सोडण्याची तयारी ठेवून. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अंथरुणांतून उठण्यापूर्वीं दोन्ही गुडघे शेजारीं ठेवून पाहावे. वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे दिसत असले तर आठवड्यानें पुन्हां नऊ होल खेळण्यास हरकत नाहीं. एक गुडघा भरलेला दिसला तर तो पुरता उतरेपर्यंत मैदानाकडे जाऊं नये, आणि दोन दिवसांत न उतरल्यास शस्त्रवैद्यास दाखवावा.